शेंगा म्हणजे कुठल्या शेंगा? लांबच्या मैत्रिणींना सोलापुरी चटणी आणि कडक भाकरी शिकवताना

"शेंगा वाफवल्या, गर काढला. आता कुटू कशा? दोरेच दोरे निघतायत."

रत्नागिरीच्या मैत्रिणीचा हा मेसेज मी सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला वाचला आणि रिक्षात एकटीच मोठ्यानं हसले. सकाळी मी तिला शेंगा चटणी लिहून पाठवली होती. पहिलीच ओळ होती, 'पाव किलो शेंगा घे, भाज.' तिच्या घरामागं शेवगा आहे. बाईनं चार शेंगा तोडल्या, भाजायला गेली तर करपल्या, म्हणून स्वतःचं डोकं चालवून वाफवल्या. सोलापुरात शेंगा म्हणजे भुईमुगाच्याच. सोललेल्या दाण्यांनाही आम्ही शेंगाच म्हणतो, आणि दुसऱ्या कशाच्या असतील तर त्याचं नाव आधी लावतो. हे जगाला माहीत नसतं, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

आम्ही पाचजणी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विणकामाच्या एका ऑनलाइन वर्गात भेटलो. रत्नागिरी, नागपूर, पुणे, बेंगळुरू आणि मी. विणकाम तिसऱ्या आठवड्यात सुटलं. ("चादरीच्या गावची असून तुला दोन सुया धरता येत नाहीत?" हे मी अजून ऐकते.) राहिल्या त्या पाककृती आणि एकमेकींची टर. पाचही जणी एका खोलीत अजून एकदाही बसलेलो नाही, पण कुणाच्या घरी कुठली वाटी आहे हे पाठ आहे.

वाटीची गोष्ट थट्टेची वाटते, पण सगळं तिथंच फसतं. माझी वाटी म्हणजे आमटीची मोठी, पाण्यानं भरली तर पाऊण पेल्याच्या वर. पुणेकरणीची वाटी म्हणजे ज्यात ती श्रीखंड वाढते ती. "एवढीशी?" असं मी विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडं पाहुणे परत मागत नाहीत." तेव्हापासून नियम केला: पहिल्यांदा करताना सगळं ग्रॅममध्ये, आणि ज्या वाटीनं, चमच्यानं मोजणार त्याचा फोटो शेजारी हात ठेवून. हातामुळं आकार कळतो. खाली जिथं वाटी म्हटलंय ती सुमारे २४० मिलीची, मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा.

शेंगा चटणी

लागतं ते इतकंच: शेंगदाणे २५० ग्रॅम, लसूण सोलून २० ते २५ ग्रॅम (मध्यम पाकळ्या असतील तर बारा-पंधरा), लाल तिखट दोन मोठे चमचे, जिरं एक छोटा चमचा, मीठ एक छोटा चमचा. तेल नाही. पाणी तर नाहीच. खोबरं, चिंच, गूळ, कढीपत्ता यांतलं काही घातलं तर वाईट होणार नाही, पण तिला सोलापुरी म्हणू नका. पुणेकरणीनं विचारलं होतं, "चवीपुरती साखर?" मी लिहिलं, "घाल की. फक्त सोलापूरला येशील तेव्हा परतीचं तिकीट काढूनच ये."

दाणे आधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे उचलून टाका. यात कंजुषी नको. एक खवट दाणा अख्ख्या बरणीला कडू करतो आणि बुरशीचे दाणे पोटालाही वाईट. वरचं साल लालसर, दाणा भरलेला, तोंडात टाकल्यावर गोडसर, असे दाणे हवेत.

लोखंडी कढई मध्यम तापवा, दाणे घाला आणि आच मंद करा. भाजायला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. मिनिटं सांगते, पण भरवसा घड्याळावर ठेवू नका, कानावर ठेवा. आधी काही आवाज नसतो. मग अधूनमधून एखादा दाणा तडकतो. मग तडतड वाढते आणि वास घरभर होतो. इथं एक दाणा काढून फुंकर घाला, चिमटीत चोळा. साल कागदासारखं सुटलं पाहिजे, दाणा दोन फाकांत तुटला पाहिजे आणि आतला रंग फिक्या बिस्किटाचा हवा. आत पांढरं दिसतंय तर अजून दोन मिनिटं. बाहेर काळे डाग आणि आत कच्चं, म्हणजे आच मोठी होती. त्या दाण्यांची चटणी करू नका, गूळ घालून खाऊन टाका.

गॅस बंद केल्यावर कढई तापलेलीच असते. म्हणून दाणे लगेच परातीत काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. निदान अर्धा तास. ही पायरी सगळे गाळतात. नागपूरकरणीनं गरम दाणेच मिक्सरला लावले, वाफेनं भांड्याच्या झाकणाला घाम आला आणि चटणीचा गोळा झाला. तिनं फोटो टाकला, खाली लिहिलं, "काऊन गं, हे लाडू आहेत का?" बेंगळुरूवाली म्हणाली, "तिखट लाडू. डोहाळे लागलेत का कुणाला?"

गार झाले की तळहातानं चोळून साल काढा. सूप असेल तर पाखडा, नसेल तर गच्चीत उभं राहून ताटातनं फुंका. वाऱ्याची दिशा आधी बघा, खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे बघा. सालं शंभर टक्के काढायची गरज नाही. थोडी राहिली तर रंगाला खोली येते.

आता कुटणं. खरी चटणी उखळात, नाहीतर खलबत्त्यात होते. आधी लसूण, जिरं, मीठ एकत्र ठेचा, ओबडधोबड झालं की तिखट घाला आणि एकजीव करा. मग दाणे मूठ-मूठ घालत कुटा. सुरुवातीला भुकटी होते, कोरडी, बत्त्याला चिकटत नाही. इथं बरेच जण 'झालं' म्हणून थांबतात. झालेलं नसतं. दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं आणि ते बाहेर यायला घाव बसावे लागतात. कुटत राहा. हळूहळू रंग विटकरीवरून गडद लाल होतो, चटणी बत्त्याच्या बुडाला धरते, कडेनं चमक येते. चिमटीत दाबल्यावर तिची वडी बसली आणि बोटाला तेल लागलं की थांबा.

आईचा एक बारकावा मी फार उशिरा बघितला. ती बत्ता सरळ वर-खाली आपटत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत घाव घालून किंचित फिरवते, जणू कुणाचा तरी कान पिळतेय. ते फिरवणं तेल काढतं. तिला विचारलं तर म्हणाली, "मी कुठं फिरवायलेय?" हाताला माहीत असतं, तोंडाला नसतं. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून शिकायचं असेल तर विचारत बसू नका. बाजूला बसून व्हिडिओ काढा, आणि फोन तोंडावर नको, हातावर धरा.

खलबत्ता नसेल तर मिक्सर चालतो, पण दमानं. दाणे, लसूण, बाकी सगळं एकत्र घालून बटण एक-दोन सेकंद फिरवायचं, सोडायचं. चमच्यानं खालचं वर करायचं, परत. असं सात-आठ वेळा. सलग फिरवलं तर पीठ होतं, मग लगदा होतो, मग लोणी. भरड असतानाच परातीत काढा आणि जड बुडाच्या वाटीनं दाबून-दाबून रगडा, पाचेक मिनिटं. खलबत्त्याची सर येत नाही, पण बारा आणे काम होतं. बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर कुटलं तर खालचे लोक वर येतात, त्यामुळं तिला हा मार्ग शोधून द्यावाच लागला.

तिखट जास्त झालं तर साखर घालून झाकू नका. आणखी मूठभर दाणे भाजून, गार करून, कुटून मिसळा. मीठ लगेच चाखून वाढवू नका, तासाभरानं ते वर येतं. दोन चमचे तिखटावर नागपूरकरीण हसली होती, "दोन चमच्यानं काय होते?" तिनं चार घातले आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "थोडं झालं होतं." थोडं काय झालं होतं ते कुणी विचारलं नाही.

कोरड्या काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्यानं. कच्चा लसूण असल्यानं बाहेर दोन आठवडे, सोलापूरच्या मे महिन्यात त्याहून कमी, कारण चाळिशीपार उन्हात दाण्याचं तेल लवकर खवट होतं. जास्त टिकवायची तर लसूण कोरडा परतून घ्या आणि बरणी फ्रिजात ठेवा. खाताना चटणीवर दही, वर कच्च्या तेलाची धार, शेजारी कांदा फोडून. हे सगळं कालवायचं कशाशी, तर त्यासाठी भाकरी.

कडक भाकरी

ही शिकवायला अवघड, कारण यात मोजमापापेक्षा पिठाचा स्वभाव मोठा. ज्वारी रब्बीची हवी. आमच्याकडं मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिथल्या माणसाला ज्वारीबद्दल विचारू नका, तासभर सुटका नाही. पण तुमच्या गावात जी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मिळेल ती घ्या, फक्त ताजी दळून. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, कढत पाण्यानं पीठ किंचित शिजतं आणि त्यानंच ते धरून राहतं. पीठ महिना-दीड महिना जुनं झालं की पाणी ओतूनही धरत नाही, थापताना चिरतं. त्याला आपण म्हणतो, पीठ विरी गेलं.

पुणेकरणीच्या भाकरीला चिरा पडलेल्या बघून मी लिहिलं, "पीठ विरी गेलंय." तिचं उत्तर, "कुठं गेलंय?" हा विनोद आता तीन वर्षं जुना आहे. कुणी मेसेजला उत्तर दिलं नाही की आम्ही म्हणतो, विरी गेली.

तिला दिलेला उपाय: एक वाटी पाण्याला उकळी आणा, चिमूटभर मीठ, त्यात वाटीभर पीठ घालून उलथण्यानं हलवा, झाकण ठेवून गॅस बंद. दहा मिनिटांनी मळा. ही उकड झाली. ताजं पीठ असेल तर उकड लागत नाही. परातीत पीठ घेऊन मध्ये खड्डा करून आधणाचं पाणी थोडं-थोडं ओता. वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी. आधी चमच्यानं, मग सोसेल तसं हातानं. तळव्याच्या टाचेनं ढकलत चार-पाच मिनिटं मळा. मळलेला गोळा दाबल्यावर कडेला चिरला नाही म्हणजे जमलं. चिरला तर हात ओला करून अजून मळा.

एका वाटीच्या तीन भाकरी करा, रोजच्यापेक्षा पातळ. परातीत कोरडं पीठ भुरभुरा, गोळा ठेवा, बोटांच्या पेरांनी थापत फिरवा. मधे जाड आणि कडेला पातळ राहिली तर मध्य मऊ राहील आणि तिथूनच ती पुढं सादळेल. थापता येत नसेल तर दोन प्लॅस्टिकच्या कागदांत लाटा. शेजारच्या आक्का हे ऐकून नाक मुरडतील, पण त्या तुमच्या घरी येणार नाहीत.

तवा चांगला तापलेला हवा. भाकरीची पिठाची बाजू वर ठेवून टाका, वरून ओल्या हातानं पाणी फिरवा. पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटा. वाळल्यावर उलटलीत तर पापुद्रा चिरतो. दुसरी बाजू डाग पडेपर्यंत भाजा, मग परत उलटून शेका, फुगली तर कापडानं दाबून वाफ काढा. इथपर्यंत ही साधी भाकरी. कडक व्हायला इथून पुढं धीर लागतो.

आच अगदी मंद करा. भाकरी तव्यावर ठेवून सुती कापडाच्या बोळ्यानं कडा आणि मध्य दाबत राहा, फिरवत राहा. एका बाजूला सहा-सात मिनिटं, मग उलटून तितकीच. चूल असायची तेव्हा स्वयंपाक उरकल्यावर आराच्या कडेला भाकऱ्या उभ्या लावून ठेवायच्या, रात्रभरात त्या आपोआप वाळायच्या. गॅसवर ती सोय नाही. ओव्हन असेल तर शेकलेली भाकरी जाळीवर ठेवून १२० अंशांवर वीसेक मिनिटं, मधे एकदा उलटून. बेंगळुरूवालीकडं इंडक्शन आहे, ज्वाळाच नाही. तिनं जाड लोखंडी तव्यावर, सगळ्यात खालच्या आकड्यावर करून दाखवल्या. वेळ दीडपट लागला, भाकरी मात्र माझ्यापेक्षा सरळ. हे मी ग्रुपवर मान्य केलेलं नाही.

नखानं वाजवून बघा. टकटक वाजली की झाली, बद्द वाजली की आत ओल आहे. गरम भाकऱ्या एकावर एक ठेवू नका, भिंतीला टेकवून उभ्या ठेवा, दोन्ही बाजूंनी हवा लागू द्या. गार झाल्या की कोरड्या पत्र्याच्या डब्यात. सोलापूरच्या कोरड्या हवेत त्या आठवडे राहतात. रत्नागिरीत जुलैमध्ये दोन दिवसांत सादळल्या. "वाकते, मोडत नाही," असं तिनं कळवलं. त्याला उपाय सोपा: खाण्याआधी मंद तव्यावर दोन-तीन मिनिटं, मग गार करून. गरम असताना ती मऊच लागते आणि माणूस घाबरून जाळून टाकतं.

खायची पद्धत: मोडून, चुरून, वर पातळ आमटी किंवा दही. चटणी आणि दह्याबरोबर नुसती कडाकडा खाल्ली तरी चालते, फक्त तेव्हा फोनवर बोलू नका.

धपाटे, घाई असेल तर

भाकरी जमेना तर नाराज होऊन बसू नका, धपाटे करा. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी गव्हाचं पीठ. ठेचलेला लसूण-मिरची, तीळ, ओवा, हळद, मीठ, भरपूर कोथिंबीर. मावेल तितक्या दह्यात मळा. ओल्या सुती रुमालावर थापा, मधे बोटानं भोक पाडा, रुमालासकट तव्यावर पालथं घालून रुमाल सोलून काढा. कडेनं तेल, दोन्ही बाजूंनी खरपूस. प्रवासात दीड दिवस आरामात. यात चुकायला फारशी जागा नाही, म्हणून यावर विनोदही कमी झाले.

पार्सल

करून पाठवायचं असेल तर चटणी आधी पिशवीत, मग डब्यात, मग परत पिशवीत. तेल वाट काढतं. एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाणाऱ्या भाच्याच्या बॅगेत डबा दिला होता, त्याच्या पांढऱ्या शर्टाला पुढं सहा महिने लसणाचा वास होता, असं तो सांगतो. भाकऱ्या गोल डब्यात, खाली-वर आणि मधे वर्तमानपत्राचे बोळे, भाकरी हलायला जागाच ठेवू नका. तरी दोन मोडतातच. सहा पाठवायच्या असतील तर आठ घाला.

टर उडवण्याबद्दल

आमच्यात दोन नियम आपोआप पडले. एक, जी हसेल तिनं येत्या रविवारी तोच पदार्थ करून फोटो टाकायचा. यानं निम्मी टिंगल जागच्या जागी थांबते. दुसरा, कुणाच्या घरी पाहुणे किंवा सासूबाई असताना पदार्थ फसला तर त्या दिवशी फक्त दुरुस्ती सांगायची, हसायचं दुसऱ्या दिवशी. मागच्या दिवाळीत बेंगळुरूवालीचा चिवडा सादळला, दाराशी पाहुणे. चौघींनी पाच मिनिटांत चार उपाय दिले, एकीनंही 'काय गं' केलं नाही. भाऊबीज उलटल्यावर मग चौघी तुटून पडलो.

आणि हसू आलं तरी एक प्रश्न विचाराच: नक्की काय केलंस ते पहिल्यापासून सांग. 'जमलं नाही' एवढ्यावर कुणाला मदत करता येत नाही. 'कढई कसली होती, आच कुठं होती, वास कधी आला' यावर येते. शेवग्याच्या शेंगांचा शोध असाच लागला. तिनं पहिल्यापासून सांगितलं तेव्हा 'झाडावरनं तोडल्या' हे पहिलंच वाक्य होतं.

त्या दिवशी रात्री तिनं दाणे आणून चटणी केली, खलबत्त्यात, आणि फोटोत बोटाला लागलेलं तेल दाखवलं. खाली मेसेज: "वाया गेलेल्या शेंगांचं मी सार केलं. आता तुला फणसाची भाजी शिकवते. कुयरी घे."

मी विचारलं, "कैरी?"

कुयरी म्हणजे कोवळा फणस. अजून हसतायत सगळ्या.